तीन मैलांची तहान

मराठी माणूस समीक्षा कशाचीही करतो. कवितेची करतो, नाटकाची करतो, लग्नातल्या मठ्ठ्याची तर पंगत उठायच्या आत करून मोकळा होतो. फक्त कायद्याची समीक्षा करायला कुणी धजत नाही. कायद्यावर भाष्यं लिहितात, कायदा मोडतात, मोडून पुन्हा त्याच कायद्याखाली जामीन मागतात. पण कायदा हाही एक वाङ्मयप्रकार आहे, त्यात पात्रं असतात, प्रसंग असतात, विसंगती तर ठासून भरलेली असते, हे कुणाच्या ध्यानातच येत नाही. माझ्या आलं, याचं कारण मी बी.कॉम. आहे. आर्ट्सला गेलेली मुलं ज्या वयात शाकुंतल वाचून उसासे टाकत होती, त्या वयात मी निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट वाचून टाकत होतो. वाङ्मयीन अभिरुची काय घडायची ती तिथंच घडली. आजही रात्री झोप येईना झाली की लोक रहस्यकथा उघडतात, मी एखादा ॲक्ट उघडतो. झोप दोघांनाही येते. मला जरा लवकर येते, इतकंच.

तर आज समीक्षेला घेतलंय ते म्हणजे प्रवासी जहाजांवर दारू विकण्याबद्दलचे नियम. शेजारच्या वकीलसाहेबांकडे मी पुस्तकं मागायला गेलो तेव्हा त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"काय हो, घेत नाही म्हणता, आणि वाचता मात्र हे?"

"साहेब," मी म्हटलं, "बँकेत मी रोज लाखो रुपये मोजतो. ते तरी कुठं माझे असतात?"

घेत नाही हे खरं. त्यात नैतिक उंची वगैरे काही नाही. आमच्याकडे त्या खात्याला लिव्हर, पगार आणि सौभाग्यवती अशा तिघांची संयुक्त सही लागते, आणि तिघं एका वेळी काउंटरवर कधी येत नाहीत. पण रसिकाला गाता यायलाच हवं असं थोडंच आहे?

या वाङ्मयाचा मूळ पेच अगदी साधा आहे. जमिनीवरच्या दुकानाला पत्ता असतो. परवाना त्या पत्त्यावर निघतो, चौकटीत बसतो, गल्ल्यामागच्या भिंतीवर हार घालून टांगला जातो. इन्स्पेक्टर येतो तो त्याच पत्त्यावर येतो, आणि पुन्हा पुन्हा येतो. जहाजाची पंचाईत अशी, की ते सकाळी इथं आणि रात्री भलतीकडेच. परवाना द्यायचा कुणी? तपासायचा कुणी? आणि मधल्या पाण्यात एखाद्यानं ग्लास पुढे केला, तर तो कुठल्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत?

इंग्लंडनं यावर काढलेली तोड पाहिली की त्या लोकांनी एवढं साम्राज्य कसं चालवलं ते कळतं. तिथला २००३ चा लायसन्सिंग ॲक्ट म्हणतो, की जहाज एका जागी कायमचं बांधलेलं नसलं, तरी ते एरवी जिथं बांधलेलं असतं त्या जागची इमारत आहे असं समजावं. झालं! जहाज हिंडतंय हे डोळ्यांना दिसतं, कायद्याला दिसत नाही. कायद्याच्या दृष्टीनं ते धक्क्यावर भिंतीसारखं उभं आहे. मात्र तेच जहाज परदेशच्या सफरीवर निघालं, की ते एकदम इमारतपणातून मुक्त होतं आणि त्याला परवानाच लागत नाही. याच कायद्यात रस्त्यावरच्या गाडीबद्दलही एक कलम आहे. गाडी उभी असताना दारू विकायची तर विका, परवाना असल्यास; चालत्या गाडीत विकणं हा गुन्हा.

हे मी मोठ्या कौतुकानं घरात वाचून दाखवलं. सौ. लसूण सोलत होती.

"अहो, म्हणजे बोट चालायला लागली की चालतं, आणि बस चालायला लागली की चालत नाही?"

"तसंच काहीसं."

"आणि आगगाडी?"

मी पान उलटून पाहिलं. आगगाडी, विमान आणि ते हवेच्या उशीवर तरंगणारं हॉवरक्राफ्ट, तिघांनाही प्रवासात असताना सूट होती.

"मग बसनंच काय घोडं मारलंय?" ती म्हणाली आणि लसणीकडे वळली. इतकी नेमकी समीक्षा मला अजून कुठल्या विधी-नियतकालिकात आढळलेली नाही. तिनं बोट ठेवलं त्या जागी खरंच काही तत्त्व नाही. बसमधून जातो तो रोजचा माणूस. त्याला सूट देऊन कुणाला काय मिळणार?

ही नजर इंग्लंडात काल-परवा आलेली नाही. स्कॉटलंडात १८५३ साली फोर्ब्स मॅकेन्झी नावाच्या गृहस्थांच्या कायद्यानं रविवारी दारूचे गुत्ते बंद झाले. शनिवारी पगार घेऊन आलेल्या ग्लासगोच्या कामगारानं रविवारी देवळात जावं, ही अपेक्षा. कायदा दयाळू असल्यामुळे खऱ्याखुऱ्या प्रवाशाला हॉटेलात मिळायची मुभा ठेवली होती. आता क्लाइड नदीत आगबोटी चालत होत्या, आणि आगबोटीत बसलेला माणूस प्रवासी नाही असं कोण म्हणेल? तेव्हा लोक रविवारी सकाळी बोटीत बसत, खाली खोलीत जात, संध्याकाळी निघाल्या धक्क्यावरच उतरत. वाटेतली डोंगरशोभा फक्त सुकाणूवाल्यानं पाहिलेली असे. शेवटी १८८२ साली खास कायदा करून त्याच दिवशी परतणाऱ्या बोटींवरची रविवारची विक्री बंद करावी लागली. त्याच नदीत १८८० पासून 'आयव्हॅनहो' नावाची एक संपूर्ण निर्व्यसनी बोटसुद्धा चालत होती, आणि तिला उतारूही मिळत होते. म्हणजे डोंगर पाहायला जाणारे लोक होतेच. त्यांच्यासाठी कायदा करावा लागला नाही, एवढंच.

स्कॉटलंडचं हे प्रकरण म्हणजे या वाङ्मयातली एकांकिका. तीन अंकी, पदांसहित नाटक पाहायचं तर अमेरिकेला गेलं पाहिजे.

१९१९ हे साल दारूच्या इतिहासात मोठं. आपल्याकडे 'एकच प्याला' त्या साली रंगभूमीवर आलं, आणि अमेरिकेत त्याच साली व्होल्स्टेड कायदा झाला. आपण सुधाकराची दशा पाहून रडलो आणि घरी गेलो. अमेरिकन माणूस कृतीवर विश्वास ठेवणारा. त्यानं १७ जानेवारी १९२० पासून आख्ख्या देशाची बाटली बंद केली. अर्ध्या टक्क्याहून जास्त मद्यार्क असलेलं पेय करायचं नाही, विकायचं नाही, वाहून न्यायचं नाही, देशात आणायचं नाही आणि देशाबाहेर पाठवायचंही नाही. घटनादुरुस्तीच्या मसुद्यात एवढी क्रियापदं आहेत, त्यांत 'पिणे' हे क्रियापद तेवढं नाही. शिवाय आजारी माणसाला डॉक्टरच्या चिठ्ठीवर दहा दिवसांना एक पिंट मिळायची सोय होती. आजार कुठला, याची अट मात्र नव्हती. तळीरामाच्या आर्यमदिरामंडळानं ठराव केला असता तर तो याहून फार वेगळा झाला नसता.

जमिनीवरचं जमलं. प्रश्न आला जहाजांचा. महायुद्ध संपल्यावर अमेरिकन सरकारच्या हाती पुष्कळ जहाजं आली होती, आणि ती एक सरकारी शिपिंग बोर्ड चालवीत होतं. बोर्डानं हिशेब केला, की अटलांटिक ओलांडायला आठवडा लागतो. आठवडाभर लिंबू सरबतावर राहायला कोण तयार होणार? माणसं इंग्लिश बोटीनं जातील. म्हणून किनारा दिसेनासा झाला की सरकारी जहाजावरचा बार उघडायचा. १९२२ साली सेंट लुईचे बिअर कारखानदार ऑगस्ट बुश 'जॉर्ज वॉशिंग्टन' या सरकारी जहाजानं युरोपला निघाले. सरकारनं यांचा बिअरचा धंदा बंद पाडलेला. कारखाना चालू ठेवायला ते बिचारे 'बेव्हो' नावाचं बिनदारूचं पेय विकत होते. आणि इथं पाहतात तो सरकारच्याच बोटीवर सरकारच दारू विकतंय, बाटल्यांवर बाटल्या! त्यांनी तक्रार केली, ती थेट अध्यक्षांपर्यंत गेली. देशातला सगळ्यांत मोठा चोरटा दारूविक्या खुद्द सरकारच आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ. मला या माणसाबद्दल फार जिव्हाळा वाटतो. दुकान बंद केल्याचं दुःख माणूस गिळतो. आपल्याला बंद करायला लावून समोरच सरकारनं दुकान थाटलेलं पाहणं जड जातं.

मग अध्यक्ष हार्डिंग यांच्या ॲटर्नी जनरलनं, म्हणजे डॉहर्टी यांनी, ६ ऑक्टोबर १९२२ रोजी आपलं मत दिलं: अमेरिकन जहाज जगाच्या पाठीवर कुठंही असो, ते कोरडंच पाहिजे, आणि परदेशी जहाजानं अमेरिकेच्या किनाऱ्यापासून तीन मैलांच्या आत शिरताना दारूचा थेंबही बरोबर आणता कामा नये, मग ती कुलपात का असेना. (हेच डॉहर्टी दीड वर्षानं, १९२४ मध्ये, गैरव्यवहाराच्या आरोपांच्या गदारोळात पद सोडून गेले. दारूबंदीचा आणि सचोटीचा काही संबंध असतो असं मानणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.)

तीन सागरी मैल म्हणजे साडेपाच किलोमीटर. बोरीबंदरहून सुटलेली लोकल चिंचपोकळी सोडून करी रोडकडे निघाली, की संपलं राज्य. तोफेचा गोळा पोचेल तिथवर राजाची सत्ता, या जुन्या समजुतीशी हे अंतर जोडतात. पण आता त्या गोळ्याच्या टप्प्यात आख्ख्या जगाच्या बोट कंपन्या सापडल्या. कुनार्ड आणि तिच्या बरोबरीच्या बऱ्याच कंपन्या कोर्टात गेल्या. प्रतिवादी होते अर्थमंत्री अँड्र्यू मेलन, कारण दारूबंदीची अंमलबजावणी अर्थखात्याकडे होती. मेलन हे पिढीजात बँकवाले, म्हणजे आमच्याच जातीचे, फक्त काउंटरच्या पलीकडचे. त्यांच्या मालमत्तेत 'ओल्ड ओव्हरहोल्ट' या व्हिस्कीच्या भट्टीचा वाटा होता. असे गृहस्थ दारूबंदी राबवणार! एखाद्या कादंबरीकारानं हे पात्र असं रंगवलं असतं, तर आपण ते ओढूनताणून आणलंय म्हणून झोडपलं असतं.

३० एप्रिल १९२३ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचा निकाल लागला. न्यायमूर्ती व्हॅन डिव्हँटर यांनी लिहिलेला हा निकाल मी दोनदा वाचला, आणि माझं मत असं झालं की हा माणूस आमच्या समीक्षकांत बसायला हवा होता. कंपन्यांचं म्हणणं होतं, की जहाज म्हणजे ज्या देशाचा झेंडा त्या देशाचा तरंगता तुकडा. इंग्लिश बोटीचा डेक म्हणजे इंग्लंडच. तिथं अमेरिकन कायदा कसा लागेल? यावर न्यायमूर्ती म्हणतात, जहाज हा देशाचा तुकडा आहे हे बोलायला ठीक आहे, पण तो निव्वळ अलंकार आहे. रूपक! देश म्हणजे जमीन, बंदरं, खाड्या आणि किनाऱ्यालगतचे तीन मैल पाणी. बाकी सगळी काव्यशक्ती. 'तुझं मुख हा चंद्र आहे' असं म्हटल्यावर कुणी चंद्रावरचा महसूल मागायला जात नाही, तशातला प्रकार.

या एका रूपकाची टाचणी लावल्याबरोबर दोन्ही बाजूंचे फुगे फुटले. जहाज हा देश नव्हे, म्हणून इंग्लिश बोटीला तीन मैलांच्या आत अमेरिकन कायदा लागू. आणि जहाज हा देश नव्हे, म्हणूनच भर समुद्रात अमेरिकन बोटीला अमेरिकन दारूबंदी लागू नाही. डॉहर्टी अर्धे पास, अर्धे नापास. तर्काला कुठं फट नाही. पनामा कालव्यातून जाणाऱ्या जहाजांना कायद्यानं नाव घेऊन वगळलं होतं, त्यावरून न्यायमूर्तींनी असंही दाखवलं की इतरांना वगळायचं असतं तर तसं लिहिलं असतं. बरं, दारू ही जहाजावर काही फक्त चैनीची गोष्ट नव्हती. कित्येक देशांच्या कायद्यात खलाशाच्या शिध्यातच वाईन लिहिलेली होती. तेही निकालात नमूद आहे. सगळं नमूद करून निकाल तोच.

आणि माझा आक्षेप इथंच आहे. निकाल गणितासारखा सरळ, आणि म्हणूनच व्यवहारात चालेना. नियम लागू झाला जूनमध्ये. आता लिव्हरपूलहून न्यूयॉर्कला निघालेल्या बोटीवरच्या पर्सरची कल्पना करा. जाताना आठवडाभर पुरेल एवढा साठा घ्यायचा, पण तीन मैलांच्या रेषेवर तो बरोबर शून्यावर यायला हवा. आधी संपला तर फर्स्ट क्लासमध्ये दंगा. उरला तर समुद्राला अर्घ्य. आमच्या हेड कॅशियरना मी हे सांगितलं तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम आला. "अहो, वादळामुळे बोट एक दिवस उशिरा आली तर?" म्हणाले. "क्लोजिंग बॅलन्स निल दाखवायचा आणि तोही चालत्या बोटीत? मी नोकरी सोडीन." शिवाय येतानाची दारू संपली तरी परतीची कुठून आणायची? न्यूयॉर्कमध्ये विकत घ्यायची सोय नाही. (होती, पण पावती मिळत नसे.) म्हणजे युरोपात जाणारा माणूस जाताना कोरडा आणि येताना ओला.

इंग्लिश लोकांनी यावर मोहोर काढली. जून १९२३ मध्ये 'बाल्टिक' आणि 'बेरेंगारिया' या बोटी न्यूयॉर्कला लागल्या त्या परतीची दारू खोलीत बंद करून, वर ब्रिटिश सरकारी सील लावून. सील तोडणं म्हणजे राजाचा अपमान. अमेरिकन अधिकाऱ्यांनी ते तोडलं आणि बाटल्या जप्त केल्या. लाखेचा एक तुकडा, पण दोन महासत्तांची तोंडं फिरली. ज्यानं कधी स्ट्राँगरूमच्या दाराला लाख लावलीय त्यालाच कळेल, की सील तुटताना पाहणाऱ्या स्टुअर्डच्या पोटात काय कालवलं असेल. उद्या विलायतेला गेल्यावर साहेब विचारणार, 'सील कुणी तोडलं?' आणि 'अमेरिकेनं' हे उत्तर कुठल्याच रजिस्टरच्या रकान्यात बसत नाही.

त्यानंतरची कलाकृती मात्र माझ्या मते या साऱ्या वाङ्मयात सर्वश्रेष्ठ. २३ जानेवारी १९२४ रोजी वॉशिंग्टनला अमेरिका आणि ब्रिटन यांच्यात तह झाला. यात तर्क नाही, सौदा आहे, आणि म्हणून तो चालला. अमेरिका म्हणाली, तुमची दारू कुलपात, सील लावून, आमच्या बंदरात येऊ द्या. थेंबही खाली उतरला नाही तर आमची हरकत नाही. बदल्यात किनाऱ्यावर दारू उतरवणाऱ्या तुमच्या चोरट्या बोटी आम्हाला तीन मैलांच्या बाहेरही अडवून तपासू द्या. किती बाहेर? इथं त्या मसुदाकारांची प्रतिभा पाहा. मैल सांगितलेच नाहीत. संशयित बोट एका तासात जेवढं अंतर काटेल तेवढं! म्हणजे दहा मैलांच्या वेगाची बोट असली तर हद्द दहा मैलांवर, वीसची असली तर वीसवर. पळणाऱ्याला सरहद्द लांब, लंगड्याला जवळ. आणि ती बोट बाहेरच थांबून दुसऱ्या होडीतून माल किनाऱ्याला पाठवणार असेल, तर वेग त्या होडीचा धरायचा. जगातली ही बहुधा एकमेव सरहद्द असेल, जी गुन्हेगाराच्या इंजिनावरून ठरत होती. कर्ज देतानाही अर्जदाराचं उत्पन्न पाहण्याऐवजी पळायचा वेग पाहिला असता तर बऱ्याच बँकांचं भलं झालं असतं.

पुढे जर्मनी, फ्रान्स, इटली, हॉलंड, सगळ्यांनी अमेरिकेशी असेच तह केले. सौदा पसंत पडला की त्याच्या नकला निघतातच.

आणि अमेरिकन जहाजांचं काय? सुप्रीम कोर्टानं त्यांना भर समुद्रात मोकळीक दिली होती. पण शिपिंग बोर्डानं ठरवलं, सरकारी जहाज कोरडंच ठेवायचं. हक्क आहे म्हणून का तो बजावायचा? महायुद्धाआधी जर्मनीनं तीन प्रचंड जहाजं बांधायला काढली होती, 'इम्पेराटोर', 'फाटरलांट' आणि 'बिस्मार्क'. युद्धापायी तिघी विजेत्यांच्या घरी गेल्या, नावं बदलून. इम्पेराटोर कुनार्डची बेरेंगारिया झाली, बिस्मार्क व्हाइट स्टारची 'मॅजेस्टिक', आणि फाटरलांट अमेरिकेची 'लेव्हायथन'. तिघी सख्ख्या बहिणी. दोन ओल्या घरी पडल्या, एक कोरड्या. जुलै १९२३ मध्ये लेव्हायथन अमेरिकन झेंड्याखाली थाटात निघाली, आणि कधी फायद्यात म्हणून आली नाही. तोट्याला इतरही कारणं होती, पण सासरचं कडक वळण हे त्यातलं एक.

दोघी ओल्यांची मात्र मंदीतसुद्धा धडपड चालू राहिली. १९३० नंतर तिकिटं खपेनात तेव्हा न्यूयॉर्कहून चार-दोन दिवसांच्या स्वस्त सफरी निघू लागल्या. कुठं जायचं? कुठंच नाही. तीन मैल ओलांडायचे, बार उघडायचा, समुद्रात गोल फिरायचं आणि परत यायचं. बेरेंगारियाला लोक 'बार्गेन-एरिया' म्हणू लागले. स्कॉटलंडचे रविवारचे उतारू पन्नास वर्षांनी अटलांटिकवर भेटले, अधिक चांगल्या कपड्यांत.

कपडे हाच मुद्दा आहे. १९२० साली न्यूयॉर्कच्या धक्क्यावरच्या हमालाचा गुत्ता बंद झाला तो झालाच. त्याच्यासाठी कुणी सुप्रीम कोर्टात गेलं नाही, दोन राष्ट्रांत तह झाला नाही, तीन मैलांची चर्चा झाली नाही. त्यानं चोरून घेतलेली गल्लीतली लाकडी अल्कोहोलची भेसळ कुणाला दृष्टिहीन करत होती, कुणाला वर पाठवत होती. त्याच्यापासून साडेपाच किलोमीटरवर शॅम्पेन कायदेशीर होती. अडचण एवढीच, की त्याला पोहून जाता येत नव्हतं. ५ डिसेंबर १९३३ ला अमेरिकेची दारूबंदी उठली.

आपण सोळा वर्षांनी सुरुवात केली. मुंबई दारूबंदी कायदा, १९४९. हा ग्रंथ आमच्या वकीलसाहेबांकडे दोन प्रतींत आहे, पैकी एकीवर ग्लासचा गोल डाग आहे. कशाचा ते मी विचारलं नाही. अमेरिकेनं जे क्रियापद गाळलं होतं, ते आपण आठवणीनं घातलं. इथं पिणंही गुन्हा. पण गुन्ह्यांच्या कलमांहून मला रस आहे तो सवलतींच्या कलमांत, कारण समाज कसा आहे ते तिथं कळतं. कलम ३५ हॉटेलं. ३७ रेल्वेची डायनिंग कार. ३८ जहाज कंपन्या आणि जहाजांचे कप्तान. ३९ युद्धनौका, सैनिकांची जहाजं आणि लष्करी मेस. ४० अ आरोग्याचं परमिट. ४१ परदेशी राजे आणि वकिलाती. ४४ क्लब. ४५ चर्चमधली वाईन. ४६ पाहुणे. मुंबईतला पाहुणचार घेण्याजोगा कुणी म्हणून सुटलेला नाही. आणि या सवलती मुख्यतः विदेशी मद्याच्या. ताडी-माडीला समुद्रप्रवासाची हौस असेल असं मसुदाकाराच्या मनातही आलं नसावं.

हे कलम ३९ सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. मुंबईच्या एका नागरिकानं लढवलेल्या बालसरा खटल्याचा निकाल १९५१ साली लागला. लष्कर हा वेगळा वर्ग आहे, त्याला सवलत देणं म्हणजे भेदभाव नव्हे, असं कोर्टानं ठरवलं; औषधं आणि कोलनवॉटरसारखी प्रसाधनं मात्र बंदीतून सोडवली. जहाजाच्या कलम ३८ चं नाव फारसं कुणी काढत नाही. त्याचं कारण ते निर्दोष आहे असं नव्हे. जे त्या जहाजांवर होते त्यांना तक्रार नव्हती, आणि ज्यांना तक्रार होती ते त्या जहाजांवर नव्हते.

अपवाद एक. पन्नासच्या दशकात विलायतेच्या पी अँड ओ बोटी मुंबईला लागत. त्यांच्या डेकवर रत्नागिरीकडचे खलाशी असायचे आणि सलूनमध्ये गोव्याचे स्टुअर्ड, पिढ्यान् पिढ्या तेच काम करणारे. बारची भांडी पुसणारे, बर्फ फोडणारे, साहेबाला कितवा पेग चालू आहे ते साहेबापेक्षा नेमकं ठाऊक असणारे. परवाना निघायचा तो कंपनीच्या नाहीतर कप्तानाच्या नावे. बाटली हाताळायचा हा. सोळा-सतरा दिवस अरबी समुद्रापासून टिलबरीपर्यंत त्यानं कायदेशीरपणे शेकडो ग्लास भरलेले असत. परतल्यावर बॅलार्ड पिअरला बोट लागली की तो ट्रंक उचलून धोबीतलावच्या आपल्या गावाच्या कुडीत राहायला जाई. त्या धक्क्याच्या पायरीवर पाऊल ठेवल्या क्षणापासून त्याच्या तोंडाला वास येणं हा गुन्हा. पुढे कायद्यात दुरुस्ती होऊन रक्तात ०.०५ टक्के हा आकडाही बसला. आरोग्यासाठी परमिट काढायचं तर अर्ज, डॉक्टरचा दाखला, फी. बोटीवरच्या ज्या साहेबाला त्यानं रात्री हाताला धरून केबिनमध्ये नेऊन निजवलेलं असे, तो पाहुणा म्हणून कलम ४६ खाली परमिट घेऊन ताजमध्ये बसलेला.

कुडीत त्याचा अर्ज कोण लिहून देत असेल, हा विचार मला अधूनमधून येतो. बहुधा एखादा कारकूनच.